कंबरमोडी

अजनी यार्डात, सात नंबर लाइनीवर
गवत काढायला येते देवकाबाई मडावी.
मी हजेरीवाला. माझं काम मोजणं:
किती माणसं, किती मीटर.

नागपूरचा मे. रजिस्टरच्या पेटीचा तापला पत्रा
अंगठ्यात घुसला. औषधाच्या डब्याची किल्ली
साहेबांकडे, साहेब भुसावळला.

"थांब न बाबू. रगत हाय, मेल नोहे.
थांबते."

नळाच्या ओलीला उगवलेली,
डोक्यावर पिवळं बटण,
जिला मी रोज 'कचरा' या रकान्यात लिहितो,
तिचा पाला तिनं तळहातावर मळला
तंबाखूसारखा, आणि पिळला.
असं झोंबलं!
ती हसत होती.
"माह्या मायनं इळ्याच्या घावाले लावला,
म्या बैलाच्या खांद्याले.
तू त लेखणीवाला, तुले तं लवकर लागू पडन."

पडलाही. रक्त थांबलं तेव्हा
आउटरला उभी मालगाडी तशीच उभी होती.

संध्याकाळी मोजायला गेलो.
तीनशे मीटर साफ, फक्त बावीसच्या खांबापाशी
हातभर हिरवं तसंच.
विचारलं नाही.
लिहिलं: तीनशे, पूर्ण.

तिनं शाईत बुडवून अंगठा उठवला.
पान उलटताना शेजारी
माझाही उठला,
हिरवट.