शिबलूनकर

रोलाच्या टायपिंग सेंटरात सजीवनने
माझं आडनाव अरबीत बसवलं.
म्हणाला, यांच्याकडे च नाही. प पण नाही.
आणि तो तुमचा, जीभ मागे दुमडून काढायचा,
तो आमच्या मल्याळममध्ये आहे, इथे नाही.
बोटाने त्याने तो एकदा हवेत गिरवला, त्याच्या लिपीतला,
मग एंटर दाबलं.
बाहेर आलो तेव्हा कॅन्सलेशनच्या कागदावर
मी शिबलूनकर होतो
आणि तीस दिवसांचा होतो.

कंपनी बुडते म्हणजे काय, तर
एका गुरुवारी साइटवर नेणारी बस येत नाही.
आम्ही अठरा जण डबे घेऊन नऊपर्यंत उभे.
उन्हाने डब्यातली आमटी आंबली.
मग कुणीतरी म्हणालं, चला.
कुठे, ते नाही म्हणालं.

बायोडाट्याच्या चाळीस झेरॉक्स काढल्या.
फोटोतला कोट स्टुडिओचा. कॉलर ओली होती,
माझ्याआधी कुणीतरी त्यात नोकरी मागून गेलं होतं.

चौदाव्या मजल्यावरच्या एका ऑफिसात
काउंटरवरच्या जोसेलिनला मी सांगितलं,
तुमच्या लिफ्टचे गाइड शू झिजलेत,
आठव्याशी धक्का देते, बघा कुणाला तरी बोलावून.
सात वर्षं याच शहरांत लिफ्टच बसवल्यात,
कान आपोआप लागतो.
ती छान हसली. म्हणाली, सीव्ही ट्रेमध्ये ठेवा.
ट्रेमध्ये वीतभर कागद.
मी माझा मधे सरकवला,
मग वर काढला,
मग सगळ्या गठ्ठ्याच्या कडा नीट जुळवल्या
आणि चौदा मजले जिन्याने उतरलो.

घरी सांगितलेलं नाही.
साइटवरून यायची जी वेळ, त्याच वेळेला फोन लावतो,
जिन्यात उभा राहून, डोक्याला टॉवेल गुंडाळून.
प्राजक्ता विचारते, दमलास?
हे मात्र खोटं बोलावं लागत नाही.
परवा रेवाने वही कॅमेऱ्याला चिकटवली.
पानभर ळ. काही आडवे, काही कलंडलेले.
बाबा, हा झोपलेला आठ आहे.
आणि बाई म्हणाल्या,
याच्यापासून कुठलाच शब्द सुरू होत नाही.
मग तो करतो काय, मी विचारलं.
मधे बसतो, ती म्हणाली. नाहीतर शेवटी.

तेविसावा दिवस. दुपार.
खोलीत सात खाटा, पडदे ओढलेले,
खाली टेक बहादूर रात्रपाळी करून झोपलेला.
फोन वाजला. लँडलाइनचा नंबर.
कुणी अरबी माणूस, घाईत:
शिबलून? शिबलूनकर?
मी दबक्या आवाजात म्हणालो, राँग नंबर,
आणि ठेवला.

भिंतीकडे वळलो.
एसीतून थेंब पडत होता बादलीत.
तीन थेंब. चार.

उठलो तो असा
की शिडी चुकून पाय टेकला टेक बहादूरच्या हातावर.
तो नेपाळीत काहीतरी बोलला, ते मला लागू होतं.
नंबर लावला. एंगेज.
लावला. वाजत राहिला, कुणी नाही.
कॅलेंडरवर मी रोजचा दिवस खोडतो त्या पेनाचं टोपण
माझ्या दातात कसं आलं कोण जाणे.
पुन्हा लावला.

कोण, पलीकडून.
मी सांगितलं.
च गाळून, प गाळून, सावकाश, सजीवनने बसवलं तसं.
आणि तो परत म्हणाला, कोण?
आणि मी परत सांगितलं, या वेळी मोठ्याने,
खोलीतले तीन पडदे बाजूला झाले,
माझ्याकडे असे बघू लागले
जणू आत्ताच कुणी नवा माणूस बेड बघायला आलाय.

कागद चाळल्याचा आवाज.
थांब, तो म्हणतो.

थांबलोय. बॅलन्स दोन दिरहम चाळीस.
टेक बहादूर हात चोळत उठून बसलाय,
माझ्या तोंडाकडे बघतोय, विचारत नाही.
जीभ तोंडात मागे दुमडलेली आहे,
टाळूला लागून,
तिला मी तिथेच राहू दिलंय.