जागा खंय?

"म्हणजे तुजा दुकान असतला," बाबा म्हणाले,
"पण जागा खंय?"
मी म्हटलं, कुणाच्या तरी यंत्रावर, भाड्याने.
"कोणाच्या?"
तेच तर ठरायचं होतं.

सात बायका, एकशेचाळीस किलो सोडे,
बांगडे, मोरी, गोलमा,
आणि वहीच्या शेवटच्या पानावर
मी आखलेले पाच रकाने.

एकाचं भाडं महिना एकोणसाठ रुपये.
एवढ्यात निवतीच्या धक्क्यावर
बर्फाची अर्धी लादी येत नाही.
खाली बारीक अक्षरात: पहिल्या वर्षापुरतं.
दुसऱ्या वर्षी चौपट.
आमच्या वाळवणाच्या खळ्याचं असंच झालं होतं,
मालकाने आधी नारळ दिला, मग नोटीस.

दुसरा म्हणाला, अमर्याद जागा.
शेवंती खवणेकर हसली,
अमर्याद पारड्याचो तराजू
खंयच्या बाजारात बघितलंस गो?

तिसऱ्याचं वचन नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के.
मी उरलेल्याचा हिशेब केला.
वर्षाकाठी पावणेनऊ तास दार बंद.
पावणेनऊ तास काही फार नाहीत.
पण कुठले?
श्रावणी सोमवारचे असतील तर खुशाल घ्या.
मेच्या अखेरीस, पावसाळ्याच्या बेगमीला,
डोंबिवलीतली एखादी बाई रात्री अकराला
दोन किलो सोडे निवडून पैसे भरायला जाते,
तेव्हाचे असतील तर?
हे कुठल्याच रकान्यात बसेना.

बाबा होडीसाठी दोर घेताना
रंग बघत नाहीत,
पीळ उकलून आतला धागा बघतात.
मला इथे आत कसं बघायचं ते कळेना.

मग परवा लाइट गेली. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
रेंज फक्त मांगरामागच्या गडग्यावर.
तिथे चढून बसले, एक हात माडाला,
आणि पाचही जणांना फोन लावला.

एकाने संगीत ऐकवलं. पंधरा मिनिटं
माझा कॉल त्यांना महत्त्वाचा होता.
एकाचा नंबर अस्तित्वातच नव्हता.
दोघांनी सकाळी दहानंतर करायला सांगितलं,
त्यातला एक तर माणूसच नव्हता.
पाचव्याने उचलला.
झोपेतला आवाज, मागे पंखा.

मी विचारलं, सगळं बुडालं तर?
"रोज नक्कल काढतो, मॅडम."
ती परत मिळते?
गप्प.
"मिळायला हवी," तो म्हणाला.
"खरं सांगू, मी स्वतः कधी करून बघितलेलं नाही.
उद्या बघतो."
नाव विचारलं. सिद्राम. सोलापूर.

दुसऱ्या दिवशी मी मोरीला मीठ लावत होते,
हात भरलेले, फोन कोपराने घेतला.
"केलं. चाचणीचं एक दुकान मुद्दाम पाडलं,
परत उभं केलं. एकोणीस मिनिटं लागली.
एक फोटो नाही आला, का ते शोधतोय."

तो पाचांत स्वस्त नव्हता.
शेवंतीने तोंड वाकडं केलं:
महिन्याला ऐंशी जास्त, वर्षाला नऊशे साठ,
फुकट इले काय?
मी म्हटलं, एकाच वर्षाचे भरू, तीन वर्षांचे नको.
आणि दुकानाचं नाव आपल्या गटाच्या नावावर घेऊ,
त्याच्या नाही,
म्हणजे उद्या उठायची वेळ आली
तर पाटी काढून नेता येईल.
आणि दर महिन्याला एक नक्कल आपल्या घरी,
मिठाच्या नाही, तांदळाच्या डब्यात.

तो फोटो का आला नव्हता
ते त्याने अजून कळवलेलं नाही.
मी दर सोमवारी विचारते.

काल बाबांनी चुलीतला कोळसा घेतला.
दारामागच्या भिंतीवर
बर्फाचो कारखानो, डिझेलवालो, इंजिनाचो मेस्त्री,
त्याखाली लिहिलं: सोलापूर, जागेवालो.
पुढे नंबर.
एक आकडा चुकला होता,
मी पुसून पुन्हा लिहिला.