खांब एकशे सतरा

दिल्लीहून पत्र आलं, त्यावर सात सह्या.
तारीख एप्रिलची, पोचलं मेमध्ये,
नवतपा लागायला चार दिवस उरले असताना.
केंद्राच्या कोळसा कंपनीची वीज
आता आमच्या नगर परिषदेची:
उपकेंद्र, तारा, रोहित्रं, खांब,
किंमत एक रुपया, आहे त्या स्थितीत.

आहे ती स्थिती मोजायला
मी आणि देवचंद उईके निघालो.
मी परिषदेची, वही घेऊन.
तो कंपनीचा, एकतीस वर्षं लाईनमन,
निवृत्तीला अकरा दिवस.
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी
तो प्रत्येक खांबाला थाप मारायचा
आणि आकडा सांगायचा.

एकाहत्तर, गंजलेला.
बहात्तर, वाकलेला; कोळशाचा ट्रक, दोन हजार नऊची होळी.
त्र्याहत्तर.
"ह्याच्यावर मी एक डाव मरता मरता वाचलो."
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: चांगला.

अर्थिंगच्या खड्ड्यात त्यानं
आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी ओतलं.
"उन्हाळ्यात ह्याले तहान लागते.
लिहून ठेव. कुठंच लिहिलं नाही हे."

तिथून कोराडीच्या चिमण्या दिसतात.
वाळत घातलेल्या चादरींवर राख बसते.
वीज इथली, धूर इथला,
तक्रार तेवढी दिल्लीला जायची
आणि तिकडचीच होऊन राहायची.

एकशे सतरा सापडेना.
वर तारा तर जात होत्या.
शेवटी निघाला पार्बताबाई शेंडेंच्या घरात,
चुलीपासून दोन हातांवर;
घरच त्याच्याभोवती वाढलेलं.
खांबाला आरसा, कंगव्याचा डबा,
नातवाच्या उंचीच्या खडूच्या खुणा,
आणि वर टिनाच्या फटीतून
तारेवर टाकलेला आकडा.
उईकेनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे.
वहीत आकडेच आकडे होते.

पार्बताबाई कूलरसमोरून उठल्या नाहीत.
"मीटर मांगू मांगू केस पिकले माये.
कंपनी म्हणे, तुमची वस्ती आमच्या हद्दीत नाही.
परिषद म्हणे, तार आमची नाही.
आता तार तुमची, हद्द बी तुमचीच.
सांग, नाही म्हणासाठी कोण उरलं?"

मी लिहिलं: एकशे सतरा, लोखंडी, उभा.
शेऱ्यात लिहिलं: मीटर देणे.
मग "देणे" खोडलं, "ताबडतोब देणे" केलं,
आणि सहीच्या जागी पेन थोडा वेळ तसाच राहिला,
कारण ती सही आता माझीच होती.

हस्तांतरण उईकेच्या शेवटच्या दिवशी झालं.
समोसे, फोटो, कंपनीच्या साहेबांचं हिंदीतलं भाषण.
मुख्याधिकाऱ्यांकडे सुटे नव्हते.
रुपया उईकेनं दिला.

त्याच रात्री साडेबाराला लाईट गेली.
पूर्वी अशा वेळी लोक
अंगणात खाटा टाकून, दिल्लीला शिव्या घालून
झोपून जायचे.
त्या रात्री थाप माझ्या दारावर पडली,
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.
बाहेर टॉर्च, वीस-पंचवीस माणसं,
बनियनवर, घामानं निथळत.
पुढे पार्बताबाई, कडेवर नातू.
कोणी शिवी दिली नाही. नाव घेतलं, माझं.

मी चपला शोधल्या. वही घेतली, परत ठेवली.
उईकेला फोन लावला.
रिटायर होऊन त्याला साडेसहा तास झाले होते.
पहिल्या रिंगला उचलला,
आणि हॅलोच्या आधी विचारलं,
"खांब कितवा?"