दो-दोन पैसे

रविवारी रावपुऱ्यात घड्याळांची दुकानं बंद,
पण जशवंतभाई घडियाळींचं अर्धं शटर वर.
वाकून आत जायचं, ही पहिली अट.
दुसरी : नाणं कडेला धरायचं, पोटाला बोट लावायचं नाही.
तिसरी त्यांनी सांगितली नाही, महिन्याभराने मला कळली :
सापडलं, असं लगेच म्हणायचं नाही.

मखमलीच्या तुकड्यावर गायकवाडी तांबं.
समशेर, घोड्याचा खूर,
आणि अक्षरं, आपली देवनागरी,
वाळलेल्या चहासारखी तपकिरी.
दहापटीचं भिंग डोळ्याच्या खोबणीत बसवून
मी पहिल्याच दिवशी सात दुबार छाप शोधले.
सातही खोटे.

"ही पायरी बघ," ते म्हणाले, "अक्षराला लागून, सपाट.
ठसा सैल होता. मारून उठता उठता हलला
आणि अक्षराचं अंग खरवडून गेला.
अक्षर बारीक झालं. मिळालं काही नाही, गेलंच.
हा धक्का. ह्या एका नाण्याचा.
ह्याच्या मागून पडलेल्याला विचार, त्याला पत्ताही नसेल."

"आणि हे सुजलेलं?"

"तो म्हातारा ठसा. लाखभर नाणी पाडून दमलेला.
कडा पसरतात, माझ्या बोटांच्या सांध्यांसारख्या.
त्याला दुबार नाही म्हणायचं, भाई. वय म्हणायचं."

खरं दुबार नाण्यात घडतच नाही.
ते ठशात घडतं, नाणं जन्मायच्या आधी.
मूळ साचा कोऱ्या ठशावर एकदा दाबला,
पुन्हा दाबला, आणि मधल्या वेळात
कुणाचा तरी हात केसभर फिरला.
मग त्या ठशाखालून जे जे निघेल
ते ते तसंच.
दोन्ही रेघा गोल, दोन्ही उंच, दोघींना आपापली पाठ,
मधे बारीक घळ,
आणि टोकाला खाच, सापाच्या जिभेसारखी.

"खाच शोध. आणि उजेड फिरव.
एकाच बाजूचा उजेड सावलीचंही अक्षर करतो."

मी उजेड फिरवत राहिलो.
नवरात्रात, रात्रभरच्या गरब्याने चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी.
दिवाळीनंतर, थंड हातांनी.
उत्तरायणाच्या आदल्या रविवारी
बाहेर रस्ताभर गुलाबी मांजा वाळत होता
तेव्हा एका नाण्यावर
मात्रेच्या डोक्यावर मला दुसरी मात्रा दिसली.
मी उजेड फिरवला. ती हलली नाही.
टोकाला खाच होती.
मी काही म्हणालो नाही.

"वाच," जशवंतभाई म्हणाले. "मोठ्याने."

सांगायचं राहिलं : मी अडखळतो.
द, प, आणि स्वतःचं नाव, जे नेमकं पद्माकर.
पहिलं अक्षर दोनदा तीनदा पडतं, मग शब्द सुटतो.
आई वर्षानुवर्षं धक्का शोधत होती :
तो गल्लीतला कुत्रा, ते सुरसागरच्या काठावर घसरणं,
तिसरीतल्या बाईंची पट्टी.
बाबांना बँकेने काउंटरवर कधी बसवलं नाही,
आणि आत्या आरतीत नुसते ओठ हलवायची,
हे तिला दिसत होतं. पण तिने कधी
तिन्ही नाणी एका मखमलीवर ठेवली नाहीत.

"दो, दो... दोन पैसे."

त्यांनी भिंग माझ्या हातून घेतलं.
दिवा डावीकडून, मग वरून, मग पार खालून.
भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती.
"बरोबर वाचलंस," ते म्हणाले.
"इथे दोनदाच आहे."

किंमत विचारली. हसले. "तांब्याची.
ह्याच ठशाचं आणखी एक आण, मग बोलू.
एकट्या नाण्यावरून ठसा सिद्ध होत नाही."

संध्याकाळी बाबांना फोन लावला.
बऱ्याच दिवसांनी. सहज.
घंटी वाजत राहिली, मग पलीकडून श्वास,
मग थोडी घळ,
मग : "ब, ब... बोल."