लिफ्टमधलं वाक्य

लेमिंग्टन स्पामध्ये, परेडच्या मागच्या गल्लीत
सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर आमचं ऑफिस.
मी जुने गेम नव्या यंत्रावर खेळते
आणि काय काय मोडलं ते लिहून ठेवते.
याचा पगार मिळतो, हे बार्शीत
मुकुंदाला अजून पटलेलं नाही.

या महिन्यात एकोणीस मजल्यांच्या इमारतीचा गेम.
धुकं नीट उतरतं, पावलांचे आवाज येतात,
चौथ्या मजल्यावरचं मांजर भिंतीतून आरपार जातं,
पण ते तेव्हाही जायचंच.
ग्वेनिथने माझ्या नोंदीखाली लिहिलं :
मूळचं आहे. हात लावू नये.

खरी तक्रार एकच. लिफ्ट.
तळमजल्यावरून नवव्याला जायला
पूर्वी चौदा सेकंद लागायचे.
आता दार मिटतं न मिटतं तोच उघडतं.
आत हिरव्या कोटातली एक बाई असते,
शेजारच्या म्हाताऱ्याला काही सांगू लागते,
इंग्रजीतच, पण मला ते असं ऐकू येतं :
"निघताना मी"
आणि नववा मजला.

साठ वेळा तरी गेले असेन.
निघताना मी.
निघताना तू काय, बाई?
मागे वळून पाहिलं नाहीस? कुणाला सांगितलं नाहीस?
घरी कांदा चिरताना मी तिची वाक्यं पुरी करायचे,
सगळीच माझ्या मापाची निघायची.

गुरुवारी डेरेक पॉल्टन आले.
हा गेम त्यांच्या हातचा. आता एक गुडघा नवा आहे,
लीम नदीवर कुठल्याशा मंडळासाठी बदकं मोजतात.
चहात बिस्कीट बुडवून म्हणाले,
"लिफ्ट? ती लिफ्ट नव्हतीच.
तबकडी फिरायची, पुढचा मजला वाचून काढायची,
तेवढा वेळ माणसाला कुठे तरी उभं करायचं होतं.
भिंती हलवल्या, दिवा लुकलुकवला,
कंटाळतील म्हणून एका दुपारी संवाद लिहिले.
काय लिहिलं होतं? छे, कोण लक्षात ठेवतं."
बिस्कीट तुटून कपात पडलं.

पाच पौंडांचं कार्ड मिळायचं फोनचं,
नाण्याने खरवडायचा नंबर,
आणि शब्द तिकडे पोचायला दोन सेकंद.
मुकुंदा आणि मी एकदमच बोलायचो,
एकदमच थांबायचो.
"बोल, तू बोल." "नाही, तू आधी."
त्या थांबण्यात मागून कुकरची शिट्टी यायची,
आईचं "जेवली का विचार" यायचं,
एकदा तर कुणी तरी दारात भांडी विकत होतं.
आता चेहरा दिसतो, पिकलेली दाढी दिसते,
मध्ये काहीच नसतं.
"बरं?" "बरं." "ठेवू?"

ग्वेनिथने लिफ्टमध्ये थांबणं घातलं.
कशासाठीच नसलेलं थांबणं.
यंत्र केव्हाच तयार असतं,
नववा मजला दिवे लावून बसलेला असतो,
तरी दार चौदा सेकंद मिटलेलं ठेवायचं.
"ही फसवणूकच की," मी म्हटलं.
"तेव्हाही होती," ती म्हणाली, हेडफोन न काढता.

शुक्रवारी साडेचारला, बाहेर अंधार पडलेला,
खाली कुणी तरी चाकात हवा भरत होतं,
मी लिफ्टमध्ये शिरले.
दिवा लुकलुकला. भिंती हलल्या.
बाईने मान वळवली.
"निघताना मी गॅस बंद केला का, काही आठवत नाही."
म्हाताऱ्याने बराच वेळ घेतला.
"केला असशील," तो म्हणाला.
मग दोघंही गप्प.
अजून सहा सेकंद उरले होते.

नोंद बंद करण्याआधी
नियमाप्रमाणे पुन्हा एकदा तपासायचं असतं.
मी चार वेळा गेले.