चार बोटं पुढे

सावद्याच्या पॅकिंग शेडमध्ये रविवारी कोणी नसतं.
केळीची पाच रिकामी खोकी मी तिरकी मांडतो
पायऱ्यांसारखी, एकामागे एक,
प्रत्येक चार बोटं मागे,
आणि मधल्या खोक्यावरच्या बारीक छापावर नेम धरतो:
निव्वळ वजन तेरा किलो.

अंतर ठिबकच्या नळीनं मोजलंय.
दर दोन फुटांवर एक ड्रीपर,
वीस ड्रीपर म्हणजे चाळीस फूट,
टेप शोधत कोण बसणार.

गेल्या रविवारी भर दुपारी आलो होतो, तीच चूक.
पत्र्याखाली अक्षरं
विहिरीच्या तळाशी पडल्यासारखी हलत होती.
पन्नास फोटो काढले, पन्नासही मऊ.
लेन्स पिशवीत कोंबत होतो परत द्यायला
तर राखणदार सुकलाल बारेला म्हणाला,
कागद नाही हलत साहेब, ऊन हलतंय.
एप्रिलमध्ये आम्हीसुद्धा डोंगर सकाळीच बघतो.

म्हणून आज साडेपाच.
हवा अजून कोणी वापरलेली नाही.
ट्रायपॉडच्या मध्ये ओल्या वाळूची पिशवी लटकते,
आरसा आधी उचलून ठेवलेला,
दहा सेकंदांचा टायमर,
श्वास रोखायची गरज नाही, तरी रोखतो.
खट्.

पाचशे मिलिमीटरची लेन्स, साडेतीन किलो,
फोकसच्या कड्याचं रबर
एका माणसाच्या अंगठ्यानं झिजलेलं.
पैसे अजून दिलेले नाहीत.
तपास, मग दे, म्हणाले होते तुळशीराम फेगडे,
अकरा हिवाळे हतनूरच्या काठावर
पोटावर पडून राहिलेला माणूस.

पडद्यावर फोटो मोठा करतो, आणखी मोठा.
तेरा किलो धूसर.
त्याच्या पुढच्या खोक्याची पिन मात्र दिसते,
पिनेवरचा गंज दिसतो,
गंजाच्या कडेनं निघालेली मुंगी,
मुंगीच्या कमरेचा धागा.

पुन्हा. पुन्हा. अकरा वेळा.
दर वेळी नेम मधल्यावर,
आणि नजर चार बोटं पुढे.

मग फोकस हातानं लावतो, केस-केस सरकवत,
आणि मधलं खोकं उभं राहतं, नुकतं छापल्यासारखं,
तेरामधल्या तीनच्या पोटात
शाईचा एक टिपका सुटलेला, तोही.
म्हणजे काच निर्दोष.
दोष लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या बोलण्यात.
पण कोणत्या कॅमेऱ्याच्या? हा माझा आहे.
त्यांचा बऱ्हाणपूरला विकला गेला.
दोघांची जोडी तेव्हा कशी जमत होती
आता कोण सांगणार.

चाळीस फुटांवर चार बोटं.
धरणाच्या पाण्यावर, अंतर वाढेल तसं,
किती होत असतील?
एक अख्खा चक्रवाक.

सात वाजता फोन त्यांचाच.
तपासली का रे?
काच फार चांगली आहे, काका.
काचीचं नाही इचारलं.
मागे बंबात लाकूड तडतडल्याचा आवाज.
पुढं पाहाते का ते?

मी उत्तर द्यायला जरा जास्त वेळ घेतला असावा.

मले वाटे माहे डोयेच गेले, म्हणाले.
दोनदा चष्मा बदलला,
भुसावळले एक डोया कापून घेतला.
चक्रवाकापुढचं पानी पाहशील माह्या फोटोत,
एकेक लाट मोजून घे.
चारशे फोटो हायेत तसे.
कोनाले दाखवले नाही.

शेडच्या दारात सुकलाल उभा होता,
एकदा मी बघू का, म्हणत.
लेन्स उत्तरेकडे वळवून दिली.
सातपुड्यात त्याला काय सापडलं
ते त्यानं सांगितलं नाही,
फक्त कडं फिरवत राहिला, हळू,
मागे, थोडं आणखी मागे,
जिथं रबर झिजलंय तिथंच अंगठा ठेवून.

पैसे कधी आणू, काका?

आधी खोकी जागेवर ठेव, म्हणाले,
उद्या माल भरायचा असंल त्याइले.