चौथं रीळ

मी मदुराईत वाढले.
बाबांचं गलाईचं दुकान, जिन्याखाली भट्टी,
माझ्या दप्तरालासुद्धा तेजाबाचा वास.
जिना चढून वर गेलं की मराठी,
उतरून खाली आलं की तमिळ.
त्यामुळं विट्याच्या पुढचं हे गाव
रेशनकार्डावर माझं,
पण एसटीतून उतरताना मी ओढणी सारखी केली
ती परमुलखात करतात तशी.

जत्रेच्या दुसऱ्या रात्री तंबू.
काढलेल्या हरभऱ्याच्या रानात सतरंजी,
खालून बुडखे टोचतायत,
कनातीच्या अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये.
केराक्कानं माझ्या ओंजळीत जोंधळे ओतले
आणि वर एक बॅटरी दिली.
"खाऊ नगंस. लागतील."

पिक्चरचं नाव विचारलं
तर तिघींनी एकच सांगितलं : आपला पिक्चर.

इनामदार घोड्यावरून आला
आणि तंबूभर चपला आपटल्या.
तो तोंड उघडायच्या आत
बाप्ये त्याचं सगळं बोलून मोकळे,
बिचारा मागाहून नुसते ओठ हलवत राहिला.
लग्न लागलं, जोंधळे उडाले.
माझे उशिरा उडाले,
तोवर वऱ्हाड जेवायला बसलं होतं.

मग विहीर. पाठीमागं कुऱ्हाडवाला.
"गिरजे, मागं बघ!" सगळ्या बाया उभ्या.
आणि गिरजा मागं बघते.
केराक्का खाली बसत म्हणाली,
"आईकती बग. दरसाल आईकती."

चौथं रीळ कधीचंच जळलेलं.
कुठल्या साली, यावर अजून भांडणं होतात.
मशीनवाल्यानं तेवढी दहा मिनिटं कधी गाळली नाहीत,
नुसता पांढरा उजेड सोडायचा कापडावर,
आणि हरवलेलं पोर गाव शोधायचं.
बॅटऱ्या घेऊन. नाव घेऊन.
कुत्री व्हायला पोरं ठरलेली,
आणि आईचा हंबरडा कोचीनच्या भानुदासचा,
मिशीवाल्या, सहा फुटी, दोन दुकानं असलेल्या माणसाचा,
त्याच्याआधी त्याच्या चुलत्याचा.

यंदा मशीनवाला निवास माइकवर म्हणाला,
मंडळी, आख्खा पिक्चर घावलाय.
चौथ्या रिळासकट. पेनड्राईव्हवर.
शिट्ट्या. कुणीतरी नारळ फोडला.

चौथं रीळ लागलं.
आई चुलीपुढं बसलेली.
तांदूळ निवडतेय. खडा काढतेय, फेकतेय.
हाक नाही. डोंगर नाही. कुत्रं नाही.
पोरगं आपणहून येतं, शेळीचं कान धरून,
ती त्याला एक चापट मारते
आणि भाकरी वाढते.
संपलं.

दोनशे बॅटऱ्या मांडीवर पेटलेल्या,
कुठं धराव्यात कुणाला कळेना.
भानुदासनं घसा खाकरला आणि गप्प बसला.
त्या बाईचं खरं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.
म्हणूनच अवघड.

मग कनातीपलीकडून एक पोर, हळूच, भुंकलं.

निवासनं रीळ मागं घेतलं (रीळ कसलं, बोट दाबलं)
आणि झोतापुढं आपला पंजा धरला.
अंधार.
"सदबाऽऽ!" भानुदास ओरडला.
तंबूच्या कापडावरून बॅटऱ्या धावल्या,
बाया, कुत्री, डोंगर, सगळं सुरू झालं,
आणि माझ्या तोंडातून, न विचारता,
जिन्याखालची हाक गेली :
"कण्णा! इंगे वाडा, कण्णा!"

क्षणभर माझीच लाज वाटली.
केराक्का वळली. बॅटरी माझ्या तोंडावर.
"काय म्हणलीस?"
"ये म्हटलं. इकडं ये."
तिनं विचार केला.
"मग पुढल्या साली बी हितंच म्हण.
भानुदासच्या मागनं. आधी न्हाई."

पुढं इनामदार परत आला.
ह्या खेपेला मी वेळेवर होते.

घरी जाताना चप्पल एकच सापडली.